कातळातलं गणित उघड हवं

भूजलाच्या अहवालात तालुका 'सुरक्षित' असतो आणि त्याच तालुक्यातल्या एखाद्या गावात मार्च उजाडायच्या आत टँकर सुरू झालेला असतो. महाराष्ट्राला हा विरोधाभास इतका सवयीचा झाला आहे, की त्याची उत्तरंही ठरून गेली आहेत. गावकरी म्हणतात, आकडे टेबलावर बसून केलेले. कार्यालयातले म्हणतात, लोक वाटेल तेवढं उपसतात आणि मग ओरड करतात. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण तो आकडा काढताना जमिनीखाली कसला खडक आहे असं धरलं होतं, हे विचारायचं मात्र दोघंही टाळतात.

'सुरक्षित' या शिक्क्यामागे एक साधा भागाकार आहे. वर्षभरात जमिनीखालून जेवढं पाणी उपसलं, त्याला वर्षभरात उपसता येण्याजोग्या पाण्याने भागायचं. उत्तर ७० टक्क्यांपर्यंत आलं तर सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि शंभरीच्या वर अतिशोषित. आता या भागाकारातला वरचा आकडा कोणी थेट मोजलेला नसतो आणि खालचाही नसतो. उपसा काढतात तो विहिरींच्या संख्येला दर विहिरीच्या सरासरी उपशाने गुणून. पुनर्भरण काढतात ते पावसाळ्यात पातळी किती चढली यावरून, आणि खडकाच्या प्रकारानुसार ठरवून दिलेल्या गुणकांवरून. म्हणजे प्रत्येक शिक्का खडकाच्या कुठल्या तरी चित्रावर उभा असतो. ते चित्र संगणकात असेल, नाहीतर कोष्टकात.

म्हणून जमिनीखालच्या पाण्यासाठी मॉडेल वापरावं की नाही, हा वाद मला पोकळ वाटतो. खडक दिसत नाही म्हटल्यावर तो कसा असेल याची कल्पना करणं कोणालाच चुकत नाही. ज्याने कल्पना केली त्याने मॉडेल केलंच. खरा फरक उघड मॉडेल आणि झाकलेलं मॉडेल यांच्यात आहे, आणि महाराष्ट्राच्या भूजलाचा कारभार आज बहुतांशी झाकलेल्या मॉडेलांवर चालतो.

वाळूतून आलेला नियम

फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणीपुरवठा उभारून देणारे अभियंते आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये त्या कामावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून केलेले प्रयोग आहेत. त्यांना पाणी गाळण्याच्या वाळूचं गणित हवं होतं. हाती लागला तो भूजलशास्त्राचा पायाभूत नियम: पाण्याच्या पातळीतला उतार जितका जास्त तितका प्रवाह जास्त, आणि उताराला प्रवाहाशी जोडणारा गुणक त्या माध्यमाचा स्वभाव सांगतो. या गुणकाला जलवाहकता म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सी. व्ही. थाइस यांनी उष्णता पसरण्याच्या गणिताचा आधार घेऊन, विहिरीवर पंप चालू केल्यावर भोवतालची पातळी काळानुसार कशी खाली जाते याचं सूत्र दिलं. शतकाच्या मध्याला विजेचे रोध आणि धारित्रं जोडून अख्ख्या खोऱ्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या जात. १९८४ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतले मायकेल मॅकडोनाल्ड आणि आर्लन हारबॉ यांनी 'मॉडफ्लो' ही संगणक प्रणाली दिली. ती आजही जगभर वापरली जाते, आणि फुकट मिळते.

ही प्रणाली जमिनीखालचा प्रदेश चौकोनी घरांत वाटते. प्रत्येक घरासाठी एकच हिशेब असतो: आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी म्हणजे साठ्यातला बदल. घराघरातली देवघेव दार्सींच्या नियमाने. लाखो घरांची ही समीकरणं एकत्र सोडवणं एके काळी अवघड होतं. आज साधा लॅपटॉप ते करतो. समीकरण जुनं, प्रणाली मोफत, यंत्र स्वस्त. तरीही अंदाज का फसतात?

कारण प्रत्येक घरात एक आकडा भरावा लागतो: इथल्या खडकातून पाणी किती सहज वाहतं? निसर्गात हा आकडा गोट्यांच्या थरापासून अखंड कातळापर्यंत एकावर बारा शून्यं इतक्या पटींनी बदलतो. तो शोधायचा तर भोक पाडून, पंप चालवून, पातळी मोजावी लागते, आणि तेव्हा तो त्या भोकाच्या आसपासपुरता कळतो. मधल्या सगळ्या घरांत जे भरलं जातं तो मॉडेल करणाऱ्याचा अंदाज असतो. समीकरण विज्ञानाचं असतं, त्यात भरलेला बहुतेक मजकूर मात्र माणसाच्या समजुतीचा.

काळ्या कातळाचा स्वभाव

वाळूत ही समजूत फारशी दगा देत नाही. एका ठिकाणची वाळू दहा हातांवरच्या वाळूसारखीच असते, म्हणून सरासरी चालते. गंगेच्या गाळाच्या मैदानात दार्सींचं नळकांडं मनात धरून विचार केला तरी बरंच निभतं. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग मात्र दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचले. त्यांचा आज उरलेला विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, माथा वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र. त्या पोकळ्याही पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, थरांच्या सांध्यांत आणि भेगांत. विहीर खणणारे मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर ओळखतात आणि 'झरा लागला' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात पाणी खडकात भरून राहिलेलं नसतं, ते वाटेने येतं. विहिरीच्या बाजूंना आडवे बोअर मारायची पद्धतही याच जाणिवेतून आली: वाट तळाशी भेटली नाही तर कडेला भेटेल.

या वाटांचं गणित फार निर्दय असतं. दोन सपाट भिंतींमधल्या भेगेतून वाहणारं पाणी भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. अर्ध्या मिलिमीटरची भेग एक मिलिमीटरची झाली, की उतार तोच असताना प्रवाह आठपट होतो. परिणामी शंभर बारीक भेगांपेक्षा एक रुंद भेग जास्त पाणी आणते, आणि ती एक भेग आपल्या बोअरमध्ये आली की शेजाऱ्याच्या, हे मारल्याशिवाय कळत नाही. एकाला दोन इंची पाणी लागतं, बांधापलीकडचा तीनशे फुटांवर धुरळा काढून थांबतो. अशा खडकाची सरासरी काढणं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या वयाची सरासरी काढून त्या मापाचे कपडे शिवणं.

भरीला डाइक आहेत. धुळे-नंदुरबारकडे लाव्ह्याच्या उभ्या भिंती जमिनीत मैलोन्मैल गेलेल्या आहेत. अशी भिंत तडकलेली असेल तर लांबीच्या दिशेने पाणी वाहून नेते. घट्ट असेल तर आडव्या दिशेने अडवते. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरच्या गावांचं नशीब अशा भिंतीमुळे वेगळं होऊ शकतं. पाणलोटाच्या नकाशात मात्र दोन्ही गावं एकाच रंगात येतात.

मॉडेल करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. भेगाळ खडकासाठी त्यांच्याकडे तीन वाटा आहेत. पहिली, सगळ्या भेगा मोठ्या क्षेत्रात विरघळवून खडकाला वाळूसारखंच धरायचं. दुसरी, एकाच जागी दोन माध्यमं मानायची: पाणी साठवणारा खडक आणि पाणी वाहून नेणाऱ्या भेगा. सोव्हिएत शास्त्रज्ञ बारेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांडलेली ही कल्पना तेलक्षेत्रांत फार उपयोगी पडली. तिसरी, एकेक भेग संख्याशास्त्राने कल्पून भेगांची शेकडो जाळी संगणकात विणायची आणि सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. पहिल्या वाटेने अख्ख्या नदीखोऱ्याचा ताळेबंद बऱ्यापैकी बसतो, पण एका वाडीच्या विहिरीबद्दल ती काहीच सांगत नाही. सुरुवातीच्या विरोधाभासाचा एक उलगडा इथे होतो. तालुक्याच्या मापाचं चित्र गावाच्या प्रश्नाला लावलं, की आकडा खोटा नसूनही फसवतो.

जुळलं म्हणून पटावं का

मॉडेलवर विश्वास बसावा म्हणून एक रिवाज पाळला जातो. गेल्या काही वर्षांच्या विहिरींच्या पातळ्या घ्यायच्या, मॉडेलमधले गुणक कमी-जास्त करत राहायचं, आणि मॉडेलच्या पातळ्या मोजलेल्या पातळ्यांशी जुळल्या की ते तयार झालं म्हणायचं. अहवालात दोन रेषा एकमेकींवर बसलेल्या दिसतात आणि वाचणारा निश्चिंत होतो.

ही निश्चिंती फसवी आहे, आणि ते दाखवायला अवघड गणित लागत नाही. समजा, खडकात वर्षाला मुरणारं पाणी दुप्पट धरलं आणि खडकाची वाहकताही दुप्पट धरली. दुप्पट पाणी दुप्पट सहज वाहून जाईल. विहिरींची स्थिर पातळी होती तिथेच राहील. म्हणजे नुसत्या पातळ्या जुळवून मुरणारं पाणी किती, हे कधीच कळत नाही. कळतं ते फक्त दोन अज्ञातांचं गुणोत्तर. आपल्याला हवा असतो तो नेमका मुरणाऱ्या पाण्याचा आकडा. ही कोंडी फोडायची तर एखादा प्रवाह प्रत्यक्ष मोजावा लागतो: झऱ्यांतून आणि ओढ्यांतून उन्हाळ्यात बाहेर पडणारं पाणी, किंवा खरा उपसा. आपण उपसाही अंदाजानेच धरतो. मग रेषा कितीही सुरेख जुळू देत, खालचा हिशेब दुपटीने चुकलेला असू शकतो.

ही निव्वळ कागदी शंका नाही. ॲरिझोनातल्या सॉल्ट नदीच्या खोऱ्यात १९२३ ते १९६४ अशा चाळीस वर्षांच्या नोंदींशी जुळवलेल्या मॉडेलने पुढच्या दहा वर्षांत पातळी किती खाली जाईल ते सांगितलं होतं. लेनर्ड कोनिको यांनी ती मुदत संपल्यावर पडताळा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष घट भाकितापेक्षा बरीच कमी निघाली. पुढचा उपसा किती होईल हा अंदाज चुकला होता, आणि तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नव्हता. कोलोरॅडोत आर्कान्सा नदीच्या खोऱ्यासाठी १९७१-७२ च्या नोंदींवर बेतलेल्या मॉडेलने पाण्याची क्षारता वाढत जाईल असं म्हटलं. दहा वर्षांनी पाहिलं तर तशी वाढ नव्हती. एका वर्षाच्या चढउताराला मॉडेलने कल समजलं होतं. आपल्याकडे भूजलाची भाकितं थोडी होतात, आणि मुदत सरल्यावर ती पुन्हा उघडून पाहण्याची प्रथा तर नाहीच.

१९९२ मध्ये कोनिको आणि जॉन ब्रेडहोफ्ट यांनी एक निबंध लिहिला, त्याचा मथळाच सांगत होता की भूजलाची मॉडेलं प्रमाणित करता येत नाहीत. दोन वर्षांनी नेओमी ओरेस्कस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात हाच मुद्दा सगळ्या भूविज्ञानासाठी मांडला: निसर्गातली व्यवस्था बंदिस्त नसते, म्हणून तिचं मॉडेल खरं ठरलं असं म्हणता येत नाही, फार तर ते अजून खोटं ठरलेलं नाही, इतकंच.

या वादाला धार होती, कारण त्यात अणुकचरा गुंतला होता. अमेरिकेच्या संसदेने १९८७ मध्ये अणुकचरा पुरण्यासाठी नेवाडातल्या यक्का माउंटन या एकाच डोंगराचा अभ्यास करायचं ठरवलं. वाळवंटातला तो डोंगर ज्वालामुखीच्या राखेच्या खडकाचा. कचरा शेकडो मीटर खाली ठेवायचा, पाणी तिथवर हजारो वर्षं पोहोचणार नाही, असा हिशेब होता. पाझर वर्षाला मिलिमीटरभरापेक्षा कमी धरला होता. पुढे तो अंदाज काही मिलिमीटरपर्यंत वाढवावा लागला. त्यातच नव्वदच्या दशकात डोंगरात खोदलेल्या बोगद्यातल्या काही नमुन्यांत क्लोरीन-३६ इतक्या प्रमाणात सापडलं, की ते प्रशांत महासागरातल्या अणुचाचण्यांतून आलेलं असावं असं संशोधकांनी म्हटलं. म्हणजे काही भेगांतून पाणी पन्नासेक वर्षांत तिथवर उतरलं होतं. नंतरच्या दुसऱ्या गटाच्या मोजणीत तसा पुरावा मिळाला नाही, आणि तो वाद निकाली निघाला नाही. पण धडा त्या वादावर अवलंबून नाही. पाझराचं आधीचं मॉडेल गणितात चुकलं नव्हतं. पाणी खडकातून सावकाश, सगळीकडून सारखं झिरपतं, हे चित्रच अपुरं होतं. गणित कितीही वाढवून त्यातून एक नवी भेग निघाली नसती. ती बोगदा खोदल्यावरच समोर आली.

झाकलेली मॉडेलं

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग ही संगणकाची हौस कशाला? आपला अनुभव बरा, सरकारी सूत्र बरं. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो, कारण सूत्र आणि अनुभव हीसुद्धा मॉडेलंच आहेत. फक्त त्यांच्या पोटातली गृहीतकं कोणी विचारत नाही.

सरकारी सूत्रच घ्या. देशभर भूजलाचं मूल्यांकन १९९७ आणि २०१५ च्या समित्यांनी आखून दिलेल्या पद्धतीने होतं. झिजलेल्या, सच्छिद्र बेसॉल्टमधून गुरुत्वाने सुटणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के, आणि नेमका आकडा नसेल तेव्हा २ टक्के धरा, असं ती सांगते. एका चौरस किलोमीटरवर पावसाळ्यात पातळी तीन मीटर चढली असं समजू. १ टक्का धरला तर मुरलेलं पाणी तीन कोटी लिटर. ३ टक्के धरले तर नऊ कोटी. खडक तोच, विहीर तीच, पाऊस तोच, आणि गावाचा साठा तिप्पट. २ टक्के धरून काढलेले सहा कोटी लिटर अहवालात एकच ठाम आकडा म्हणून येतात, त्यांच्या दोन्ही बाजूंचे तीन आणि नऊ गायब होतात.

दुसरी तरतूद याहून बोलकी आहे. पावसाळ्यातलं पुनर्भरण दोन पद्धतींनी काढतात: एकदा विहिरींच्या पातळीवरून, एकदा पावसाला खडकाच्या गुणकाने गुणून. दोन उत्तरांत २० टक्क्यांहून जास्त तफावत आली, तर विहिरींवरून आलेलं उत्तर जसंच्या तसं घेत नाहीत. गुणकाच्या उत्तराच्या ८० किंवा १२० टक्क्यांवर आणून ठेवतात. यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. एखाद्या बिघडलेल्या निरीक्षण विहिरीमुळे अख्ख्या पाणलोटाचा हिशेब ढासळू नये, ही सावधगिरी रास्तच. पण भेगाळ खडकात अपवाद हीच खबर असू शकते. जिथे विहिरी ठरीव गुणकापेक्षा फारच वेगळं सांगतात, तिथेच खडकाचं चित्र चुकलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. नेमकी तीच साक्ष ही पद्धत कापून मापात बसवते. संगणकाच्या मॉडेलमध्ये कोणी असं केलं असतं, तर त्याला मोजणी सोडून मॉडेल खरं मानल्याचा दोष दिला असता. इथे तो दोष येत नाही, कारण याला मॉडेल म्हणायची सवयच नाही.

कायद्यातही खडकाचं एक चित्र दडलेलं आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने ६० मीटर वा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर ठरवून शेती आणि उद्योगासाठी त्यांवर बंदी घातली. हेतू चांगला: खोलवरचं जुनं पाणी राखावं. पण ६० मीटरच्या वर एक पाणी आणि खाली दुसरं, हे राज्यभर सारखं असेल तरच हा आकडा सगळीकडे सारखा शहाणा ठरेल. थरांची जाडी आणि भेगांची खोली कोसाकोसावर बदलणाऱ्या प्रदेशात कुठे तो फार सैल असेल, कुठे उगाच आवळलेला. आणि हातात नारळ किंवा काटकी घेऊन शिवारभर फिरणारा पाणाड्या? त्याचंही मॉडेलच, त्याची भाकितं मात्र कधी वहीत येत नाहीत, म्हणून चुका गळतात आणि यश तेवढं गावभर होतं. पडताळा न ठेवणं या एका बाबतीत आपले अहवाल आणि पाणाड्या एकाच पंगतीला बसतात, हे कबूल करायला हवं.

संगणकाच्या मॉडेलचा खरा गुण इथे लक्षात येतो. त्याचं भाकीत बरोबरच येईल असं नाही. पण ते सगळं बोलायला लावतं. कोणत्या घरात कोणता आकडा, सीमेवरून पाणी येतं की नाही, उपसा किती धरला, हे टंकल्याशिवाय ते चालतच नाही. कोष्टकात आणि कायद्यात जे गुपचूप बसून राहतं, ते मॉडेलमध्ये लिहावं लागतं. लिहिलेलं वाचता येतं, आणि वाचलेल्याशी भांडता येतं.

चुकता येईल असं बोलणं

मॉडेल प्रमाणित करता येत नाही असं म्हणणारे ब्रेडहोफ्ट हेच एका गाजलेल्या यशस्वी परीक्षेत सामील होते. कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात पाणी खाली दाबून भरल्यामुळे लहान भूकंप होत होते. सी. बी. रॅले, जे. एच. हीली आणि ब्रेडहोफ्ट यांनी खडकातला ताण मोजला, खडकाचं घर्षण प्रयोगशाळेत मोजलं आणि भेगांतला पाण्याचा दाब किती झाला की खडक सरकेल ते आधी सांगितलं. मग दाब मुद्दाम कमी-जास्त केला. पाणी काढून घेतलं तशी विहिरींभोवतीची कंपनं मंदावली, दाब पुन्हा चढवला तशी परतली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मॉडेलची प्रतिष्ठा गणिताच्या बारकाईतून आली नाही. ते आधी एक आकडा बोललं आणि तो चुकीचा ठरवायची संधी त्याने निसर्गाला दिली, म्हणून आली.

कोयनेला हीच परीक्षा जास्त अवघड रूपात चालली आहे. १९६२ मध्ये धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला, भूकंपांची संख्या वाढली, आणि ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. वारणेचा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर हालचाल दक्षिणेकडेही सरकली. जलाशयाचा दाब भेगांमधून खाली पोहोचतो आणि आधीच तणावाखाली असलेला खडक सरकतो, हा या मालिकेचा मुख्य प्रवाहातला खुलासा. पण भेगा किती उघड्या, दाब किती दिवसांत किती खोल जातो, हे वरून जुळवून सांगता येत नाही. म्हणून सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून, बेसॉल्टच्या खालच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंत पोहोचून पाहण्याचं काम २०१७ पर्यंत झालं. कुठे मोजलं म्हणजे आपण चुकलो हे कळेल, तेवढं चांगल्या मॉडेलने दाखवून द्यावं.

भूजलात असं मोजणं महाग आहे, असं उत्तर लगेच येतं. सरकारने हजारो नवी भोकं पाडायची म्हटली तर ते महागच आहे. पण भोकं पडतच आहेत, शेतकऱ्यांच्या खर्चाने. बोअरच्या गाडीतून बाहेर येणारी भुकटी थराथराला रंग बदलते. लाल पट्टा, पांढरे ठिपके, काळा पाषाण यंत्रावरचा माणूस नुसत्या नजरेने ओळखतो. किती फुटांवर ओल लागली, किती फुटांवर इंच वाढले, हेही त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या गावाला जाते आणि शेतकऱ्याच्या लाखभर रुपयांची ती मोजणी त्याच्या आठवणीपुरती उरते. २००९ च्या कायद्यात बोअर यंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहेच. प्रत्येक बोअरमागे थर, पाण्याची खोली आणि प्रवाह यांची तीन ओळींची नोंद त्या नोंदणीची अट झाली आणि ती सर्वांना पाहायला मिळाली, तर काही वर्षांत राज्याकडे दख्खनच्या कातळाचं असं चित्र येईल, जे कुठल्याही संगणकाच्या वेगाने मिळणार नाही. कोरडे बोअर तर आवर्जून नोंदवावेत. पाणी कुठे नाही, ही माहिती आज सर्वांत जास्त वाया जाते.

दुसरा आक्षेप असा, की आकड्याऐवजी तीन ते नऊ कोटी लिटर असा पल्ला सांगितला तर लोक गोंधळतील आणि निर्णय लटकतील. हा आक्षेप लोकांना कमी लेखतो. मृगाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्याला अनिश्चिततेचे धडे द्यायची गरज नाही. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गाव पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर नको, उसासारखं तहानलेलं पीक नको, हे नियम तिथल्याच लोकांनी पाळले. त्यांचा ताळेबंद हे भूजलाचं फार साधं मॉडेल आहे, कदाचित अख्खं गाव म्हणजे एकच घर. पण ते उघड आहे, दर वर्षी नव्याने मांडलं जातं, आणि चुकलं तर ज्यांचं पीक जाणार तेच त्याची उलटतपासणी करतात. पन्नास लाख घरांच्या गुप्त मॉडेलपेक्षा एका घराचं हे उघड मॉडेल मी जास्त शास्त्रीय मानतो.

राज्याच्या पातळीवर यासाठी फार मोठं काही लागत नाही. मूल्यांकनात वापरलेले गुणक आणि ते बदलले तर शिक्का कुठे बदलतो, हे तालुकानिहाय छापावं. जिथे विहिरींचं उत्तर कापून मापात बसवलं, ते पाणलोट वेगळ्या रंगात दाखवावेत आणि पुढची तपासणी तिथेच करावी. जिथे संगणकाचं मॉडेल केलं असेल तिथे खडकाची निदान दोन वेगवेगळी चित्रं घेऊन पाहावं, आणि त्या दोघांत निवाडा करणारी मोजणी कोणती, हे सांगावं. पाच वर्षांनी जुनं भाकीत आणि घडलेलं वास्तव शेजारी शेजारी छापावं, चुकलं असेल तर जास्त ठळक छापावं.

याला कार्यालयांचा विरोध होईल, कारण चुकण्याची जागा दाखवणारा आकडा वादात ओढला जातो. ओढला जाऊ दे. न दिसणाऱ्या खडकावर लाखो लोकांचं पाणी ठरवताना वाद ही किंमत नाही, पद्धत आहे. 'सुरक्षित' म्हणणाऱ्याने खडक कसा धरला ते सांगावं, आणि कोणती नोंद आली तर हा शिक्का मागे घेऊ, तेही सांगावं. या दोन गोष्टी न सांगणारा आकडा मान्य करण्याचं गावाला काही कारण नाही.